दगाआप्पांचं देवक

जांभळं विकणाऱ्याच्या लारीपुढे हात जोडून उभा राहणारा माणूस मी सुरतेच्या डिंडोलीत एकच पाहिला. आमचे शेजारी दगाआप्पा. जांभूळ ते खात नसत. उंबराची फांदी तोडत नसत. कळंबाखालून जायचं तर चपला हातात. एकदा मिलला जाताना वाटेत मोराचं पीस सापडलं, तर ते देव्हाऱ्यात ठेवायला अर्ध्या रस्त्यातून परत आले आणि पाळी चुकवली.

नवा माणूस भेटला की त्याचं नाव नंतर. आधी प्रश्न: "भो, तुमनं देवक काय शे?"

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. मी सुनावलं, "आप्पा, एका कुळाला एकच देवक. लग्नाच्या मांडवात तेच बसतं, आणि दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक मोडते. तुमचं नक्की कोणतं?"

सोमवारी म्हणाले कळंब. गुरुवारी उंबर. रविवारी माझ्यावरच डाफरले, "तू शिकेल शे ना, तूच सांग!" मला काही उलगडेना.

पुढे त्यांच्या लेकीचं, सुमनचं लग्न जमायला आलं. बैठकीत नंदुरबारकडचे व्याही म्हणाले, "आमचं कळंब. तुमचं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कानाशी लागलो, "उंबर सांगा अन् मोकळे व्हा."

"अन् कळंबच असलं तर?" आप्पा एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळ्यांनी ऐकलं. चहा घेऊन आलेली सुमन दारातच थांबली. "माय-बाप गेले तव्हा मी चार वर्षांचा. ज्यांनी सुरतेला आणलं त्यांनी आडनाव सांगितलं, देवक नाही सांगितलं. म्हणून कुठल्याच देवकाला पाय लागू देत नाही. अन् जे आपलं असेल, त्यालाच आज नाही म्हणू?"

शेवटी व्याह्यांनी बैठकीत बसलेल्या सुमनच्या मामांकडे पाहिलं. "तुमचं?"

"पिंपळ."

"मग पोर मामाच्या मांडवातून, मामाच्या देवकावर द्या. आमची ना नाही."

आप्पांनी कोणी विचारायच्या आत मान डोलावली.

हळदीला मामांनी पिंपळाची डहाळी मांडवाच्या खांबाला बांधली, पूजा केली. मांडव मामांचा, म्हणून आप्पा नवा फेटा बांधून पाहुण्यांच्या रांगेत उभे होते. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "पाहुणे, तुम्ही कोणाकडले?"

आप्पा गोंधळले. मांडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरीकडला," म्हणाले.