तिसरा हात

जगदीशनं नट स्प्रिंगवर ठेवला, दोन्ही तळहातांनी सगळा भार टाकून खाली दाबला आणि मग त्याच्या लक्षात आलं, पाना पायरीवरच राहिला.

मोटरसायकल त्याच्या वडिलांची, नारायणरावांची, पन्नास वर्षांची. ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना तिच्यावर मागे बसवून नर्मदेवर ग्वारीघाटला न्यायचं, असं त्यानं महिन्यापूर्वी जाहीर केलं होतं. पण पुढचं चाक पेलणाऱ्या फोर्कच्या दोन्ही पायांतून तेल गळायचं. ब्रेक लावला की गाडी नंदीबैलासारखी मान खाली घालायची. नवे सील, नवे बुश, गंजलेल्या नळ्यांना पॉलिश, यात चार रविवार गेले. वाढदिवस उद्यावर आला होता आणि कंबर आजच गेली होती.

हात सोडायचीही सोय नव्हती. सकाळी एकदा निसटला, तेव्हा फोर्कमधल्या स्प्रिंगनं नट उडवला तो थेट शेजारच्या कलावतीकाकूंच्या वाळवणात.

त्याच आता फाटकाशी उभ्या होत्या. "जगदीश, सात पापड फुटले माझे!"

"चुकलं, काकू. तेवढा पाना द्या न जरा."

"अच्छा! आज उपास आहे माझा. तेलकटाला हात नाही लावत मी." आणि पापडांची उडीद डाळ कुठून आणली, इथपासून त्यांनी सुरुवात केली.

काकू गेल्या तेव्हा जगदीशचे दंड थरथरत होते. बायको, राखी, बाजारात गेलेली. त्यानं हाक मारली, "बाबा!"

नारायणराव काठी टेकत आले. "काहून ओरडून राहिला?"

"पायरीवरचा पाना द्या. लवकर!"

"थांब, चष्मा आणतो."

चष्मा यायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी पाना उचलला, पुसला, नटाला लावला आणि कापऱ्या हातानं फिरवला. एक आटा, दोन आटे, तीन. नट बसला. जगदीश पायरीवर कोसळला.

"झालं, बाबा. सकाळी निघू."

नारायणरावांनी पाना पुन्हा पुसून खाली ठेवला. "रागावू नको. मला मागे बसायची भीती वाटते. ऑटोनं गेलो तर?"

"मग महिनाभर बोलले काहून नाही?"

"दर रविवारी तू गाडीपाशी बसायचा. म्हटलं, पोराला शौक आहे, काहून मोडा?"

जगदीशला कसलाच शौक नव्हता. त्याला रविवारी फक्त जेवून झोपायचं असे. पण हे सांगण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "ऑटोनं जाऊ," एवढंच म्हणून त्यानं खांबाला डोकं टेकलं.

थोड्या वेळानं राखी पिशव्या घेऊन आली आणि गाडीपाशी कौतुकानं थबकली. "अरे वा, एक पाय झाला फोर्कचा! आता दुसरा कधी बसवता?"

नारायणरावांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. बसल्या जागी, काळ्या हातांसकट, जगदीश घोरत होता.