खोकण्याची पद्धत

"सूनबाई, या घरात बाथरूमला कडी लावायची पद्धत नाही. आतून बोलायचंही नाही. नुसतं खोकायचं, बाहेरचा काय ते समजतो," सासऱ्यांनी आठ महिन्यांत पाचव्यांदा सांगितलं.

सून बिचारी खोकून खोकून अर्धी झाली होती. अंगावर दोन तांबे घेतले की खोक, साबण लावला की खोक, डोळ्यांत फेस गेला तरी कान दाराकडेच. तिला सोनंनाणं नको होतं, बोटभर कडी हवी होती.

"बाबा, एवढा तर प्रत्येक माणसाचा हक्क असतो," ती म्हणाली.

पण सासरे पडले निवृत्त प्राध्यापक! "हक्क ज्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे!" म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. दुपारी पद्धतींच्या ह्याच विषयावर त्यांचं भाषण होतं.

त्यांना न्यायला कार्यक्रमाच्या अध्यक्षबाई अर्धा तास आधीच हजर. "जरा हात धुवायचे होते."

"सरळ जा. दार ढकललं की उघडतं," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. नवरा आत आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पावलं वाजली तसे प्राध्यापक खोकले. बाई थबकल्या. "सर, बरं नाही का?"

प्राध्यापक आणखी जोरात खोकले.

"अगं बाई, ठसका लागलाय! धावा!"

बाईंच्या ड्रायव्हरने शेजारच्या डॉक्टरांना ओढत आणलं. "अहो, ते आजारी नाहीत, आमच्याकडची पद्धत आहे ती!" सून सांगत होती, पण ऐकतो कोण! प्राध्यापक जितके खोकत, तितकी दाराशी गर्दी वाढे. शेवटी डॉक्टरांनी दार ढकललंच.

आत फेसाने माखलेले प्राध्यापक, हातात तांब्या. तांब्या तो केवढा, झाकणार काय काय!

"खोकला कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

भाषणात त्या दिवशी पद्धतींबद्दल चकार शब्द निघाला नाही. येताना प्राध्यापक सुताराला घेऊनच आले.

"किती उंचीवर लावू?" सुताराने विचारलं.

"सूनबाईला विचार," ते वर्तमानपत्राआडून म्हणाले.

सून आत गेली, कडी सरकवली आणि बादली पालथी घालून नुसती बसून राहिली. खोकायचं नाही, घाई नाही! देवा, त्या बाईंचं भलं कर, डॉक्टरांचं कर, आणि बाबांचं तर आधी कर, असं म्हणत तिने डोळे पुसले.

बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी खोकलं. ती दचकून उठली.

"बस, बस, सावकाश होऊ दे," सासरे म्हणाले. "मी इथून चाललोय, एवढंच कळवत होतो."