गुंडोपंतांची फुंकर

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येकाला आवाज होता. तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय? पण तिथे आवाजावरून पायरी ठरत असे. ज्याचा आवाज मोठा तो सावलीत बसे, ज्याचा लहान तो उन्हात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी उंबराखाली संगीतसभा भरे. वाघमहाराज जातीने येत आणि पहिल्या गाण्यापासून डुलक्या घेत. राजाच्या डुलकीला तिथे मान डोलावणे म्हणत.

त्या जंगलात गुंडोपंत नावाचे एक खवल्या मांजर राहत होते. घाबरले की अंगाची गुंडाळी करून चेंडू होत, म्हणून हे नाव. अंगभर खवले होते, लांब नखे होती, त्याहून लांब जीभ होती. फक्त आवाज नव्हता. अगदीच जोर लावला तर फुस्स होई. फुस्सला सभेत जागा नव्हती. पण सतरंज्या अंथरायला आवाज लागत नाही, म्हणून ते काम गुंडोपंतांकडे आले होते.

खरे सांगायचे तर गुंडोपंतांच्या अंगात गाणे फार होते, पण सगळे आतल्या आत. वारुळापाशी मुंग्यांची रांग चाललेली दिसली की त्यांच्या डोक्यात चाल सुरू होई. ती बाहेर पडायला वाट नव्हती. मग ते मुंग्या खात आणि गप्प बसत.

जंगलाच्या कडेला माणसे सहलीला येत. ती निसर्गावर जिवापाड प्रेम करणारी माणसे होती. जाताना आठवण म्हणून ढीगभर वस्तू मागे ठेवून जात. त्या ढिगात एकदा गुंडोपंतांना एक जुना व्हिडिओ गेम मिळाला. हातात धरून खेळायचा, करड्या रंगाचा, विटेसारखा जाड. पाठीत कॅसेट बसवायची खाच. माकडांनी पळवलेल्या विजेऱ्यांतले सेल गुंडोपंतांनी मागून आणले आणि यंत्रात घातले.

यंत्र टूं करून वाजले. गुंडोपंतांचा चेंडू झाला.

बऱ्याच वेळाने चेंडू उलगडला आणि त्यांनी एका नखाने पुन्हा बटण दाबले.

कॅसेटमध्ये खेळ नव्हताच. कुणा हौशी माणसाने तिच्यात गाणी रचायची सोय केली होती. पडद्यावर चार उभ्या रांगा दिसत. रांगेत जिथे खूण ठेवावी तिथे सूर वाजे. दोन रांगांत टोकदार आवाज होता, एकीत जाडसर, आणि एकीत नुसती खरखर. खरखर तुटक तुटक वाजवली की ठेका होई. याहून जास्त त्या यंत्राला काही येत नव्हते. गुंडोपंतांना तर तेवढेही येत नव्हते, त्यामुळे दोघांचे छान जमले.

तीन सूर एका रांगेत एकदम वाजायचे नाहीत. मग गुंडोपंतांनी ते एकामागून एक असे भरभर पळवले की कानाला वाटावे, एकत्रच आहेत. ही युक्ती त्यांना मुंग्यांवरून सुचली. मुंग्याही एकेकट्याच चालतात, लांबून मात्र एक रेघ दिसते. गुंडोपंतांनी मुंग्यांच्या मिरवणुकीचे एक गाणे रचले. यंत्र अर्ध्या भोपळ्यात ठेवले, म्हणजे आवाज घुमेल. आणि पहिल्यांदाच त्यांच्या आतले गाणे बाहेरून त्यांच्या कानावर आले. ते ऐकत ते बराच वेळ बसले. त्या दिवशी मुंग्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते संगीतसभेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष होते भारद्वाजबुवा. बुवांना एकच सूर येई, हूप हूप हूप. पण तो ते इतक्या वर्षांपासून लावत होते की त्याला परंपरा म्हणावे लागे. बुवांनी डोळे मिटून मिरवणूक ऐकली. मग डोळे उघडले.

"हे गाणे नव्हे," बुवा म्हणाले. "हा रिकामा डबा खडखडतो आहे."

नंतर त्यांनी मायेने समजावले की प्रत्येकाला देवाने काहीतरी दिलेले असते आणि गुंडोपंतांच्या सतरंज्यांना खरोखर एकही सुरकुती नसते.

गुंडोपंत चेंडू होऊन घरंगळत घरी निघाले. वाटेत नारोबा कोल्ह्याने त्यांना पायाने अडवले. नारोबा एक हिवाळा शहरात, एका हॉटेलच्या मागच्या दाराशी राहून आला होता. त्यामुळे जंगलात तो कलेचा जाणकार समजला जाई. त्याने गाणे ऐकले नाही. यंत्र मात्र उलटसुलट करून पाहिले.

गाण्याने काही होत नाही पंत, असे त्याने सांगितले. गाणे कुणीही करतो. लोकांना सांगायचे की यंत्र जुने आहे. गुंडोपंतांनी विचारले, किती जुने? नारोबा म्हणाला, लोक ऐकून घेतील तितके.

पुढच्या सभेत नारोबाने भाषण केले. असे यंत्र आता कुठे बनत नाही, ज्यांनी ते बनवले ते हात राहिले नाहीत, आजच्या गुळगुळीत जगात ही खरखर हाच एक सच्चा आवाज उरला आहे, असे बरेच काही तो बोलला. हरणे हळवी झाली. मग गुंडोपंतांनी बटण दाबले आणि यंत्र चालेना.

घाईघाईने त्यांनी कॅसेट काढली, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारली आणि परत बसवली. यंत्र टूं करून सुरू झाले. सभा अवाक झाली. गाणे सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडल्या. महाराजांची मान डोलली. ती डोललेली पाहून भारद्वाजबुवा उठले आणि म्हणाले की या मुलाचे गुण सर्वांत आधी त्यांनीच ओळखले होते.

मुलांनो, यश कसे येते ते पाहा. गाणे चांगले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. फुंकर राहिली.

जंगलात फुंकरीचे घराणे निघाले. शिष्य आले. त्यांना पहिले वर्ष नुसती फुंकर शिकवत, तीही कॅसेटशिवाय. फुंकर उजवीकडून डावीकडे की डावीकडून उजवीकडे, यावर रानडुकरांची हाणामारी झाली. ज्यांनी यंत्र दुरूनही पाहिले नव्हते ते त्यावर व्याख्याने देऊ लागले. 'अस्सल नाद मंडळ' स्थापन झाले. त्याचा नियम एकच होता. यंत्र जसे मिळाले तसेच असावे, त्याला कुणी हात लावलेला नसावा. नियम नारोबाने सुचवला आणि अध्यक्ष या नात्याने गुंडोपंतांनी त्यावर पंजा उमटवला. आता सतरंजी दुसरे अंथरत. गुंडोपंतांना गादी होती आणि टेकायला लोड होता.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक गाणे रचले होते. नारोबा म्हणाला, जुन्या यंत्रावर नवे गाणे शोभत नाही. गुंडोपंतांना संध्याकाळभर वाईट वाटले. सकाळी त्यांचा सत्कार होता, त्यात ते गाणे विसरून गेले.

आणि मग मंडळासमोर ताराक्का आल्या.

ताराक्का म्हणजे शेकरू. पाच झाडांवर पाच घरटी, आणि प्रत्येकात सहलीवाल्यांचा माल भरलेला. त्यांच्याकडे गुंडोपंतांसारखेच यंत्र आणि तशीच कॅसेट होती, पण यंत्राचा आवाजाचा कर्णा फुटलेला म्हणून त्यांनी दुसऱ्या खेळण्याचा काढून लावला होता, आणि मोडलेल्या बटणाच्या जागी चिंचोका बसवला होता. कुणी या म्हणायच्या आत त्या बसल्या आणि वाजवू लागल्या.

ते गाणे फांदीवरून फांदीवर उड्या मारत होते. सूर सुटे आणि आता पडला असे वाटेपर्यंत दुसरा त्याला झेलून घेई. त्याच चार रांगा होत्या. पण गुंडोपंतांना त्या रांगांत एवढी जागा असल्याचे कधी जाणवले नव्हते. लोडाखाली त्यांची नखे आपोआप हलू लागली. गाणे त्यांना फार आवडले. इतके आवडले की त्यांना घाम फुटला.

"तुम्ही फुंकर कुणाकडे शिकलात?" त्यांनी विचारले.

"फुंकर कशाला मारायची?" ताराक्का म्हणाल्या. "तोंडाची वाफ आत जाते आणि पत्र्याला गंज चढतो. मी सावरीच्या कापसाने पुसते."

एका शिष्याने कानांवर पंजे ठेवले. सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. गुंडोपंत लोडाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"हे गाणे नव्हे," ते म्हणाले.

ताराक्कांनी यंत्र उचलले. ओढ्यापलीकडे गेल्या आणि तिथे वाजवू लागल्या. ज्यांना अजून सावलीतली जागा मिळाली नव्हती ते एकेक करून ओढा ओलांडू लागले.

महाराजांच्या राज्यारोहणाच्या वाढदिवसाचा सोहळा जवळ आला. गुंडोपंतांचे वादन ठरलेलेच होते. सरावाला म्हणून त्यांनी बटण दाबले, तर यंत्र गप्प. फुंकर मारली. गप्प. शिष्यांनी पाळीपाळीने दोन्ही दिशांनी फुंकर मारली. आतला गंज तेवढा थोडा उडाला.

दुपारी, जंगल झोपलेले असताना, गुंडोपंत ओढा ओलांडून ताराक्कांच्या झाडाखाली गेले. नारोबा मागोमाग आलाच. ताराक्कांनी टोमणा मारला नाही. यंत्राची पाठ उघडली, आत पाहिले आणि सांगितले की गंज खरवडायचा, एक पट्टी बदलायची, एवढेच काम आहे. ऊन उतरायच्या आत होईल.

"पूर्वीसारखे वाजेल?" गुंडोपंतांनी विचारले.

"पूर्वीपेक्षा चांगले," त्या म्हणाल्या. "पंत, तुमची ती मिरवणूक मी या फांदीवरून ऐकली होती, म्हणून तर या वाटेला लागले. दुरुस्त झाले की एकदा दोघे मिळून वाजवू. तुमच्या चार रांगा आणि माझ्या चार."

आठ रांगा म्हणजे काय, हे गुंडोपंतांच्या डोक्यात लगेच वाजूही लागले.

तेवढ्यात नारोबा खाकरला. पट्टी बदलली की यंत्र अस्सल राहत नाही, अशी त्याने हळूच आठवण करून दिली. मग ताराक्कांचे यंत्र आणि पंतांचे यंत्र यांत फरक काय राहिला? आणि फरक नसेल तर गादीवर पंतांनीच का बसायचे?

गुंडोपंतांनी ताराक्कांना विचारले की दुरुस्ती केलेली कुणाला कळेल का.

"बघून नाही कळणार," त्या म्हणाल्या. "ऐकून कळेल."

गुंडोपंतांनी यंत्र उचलले, पोटाशी धरले आणि परत आले.

सोहळ्याच्या संध्याकाळी सारे जंगल जमले. गुंडोपंत गादीवर बसले. कॅसेट काढली, लांब फुंकर मारली, ती आत बसवली, बटण दाबले आणि डोळे मिटले. यंत्रातून काहीच आले नाही. गुंडोपंतांनी डोळे उघडले नाहीत. आतून त्यांचा चेंडू होऊ पाहत होता, पण त्यांनी तो होऊ दिला नाही.

सभा आधी गोंधळली. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले. मग भारद्वाजबुवा भरल्या गळ्याने म्हणाले की पंत आज अनाहत नादाला पोचले आहेत, आणि तो ऐकू यायला मागच्या जन्मीचे पुण्य लागते. त्याबरोबर तो सगळ्यांना ऐकू येऊ लागला. एका हरणाला तर दोनदा आला. महाराजांची मान डोलू लागली.

त्या शांततेत ओढ्यापलीकडून बारीक आवाज आला. ताराक्का वाजवत होत्या. गाणे नवे होते, गुंडोपंतांनी न ऐकलेले. एक सूर चढत चालला होता, आणि तो कुठे जाऊन टेकणार ते काही केल्या ओळखता येत नव्हते. गुंडोपंत श्वास धरून ऐकू लागले. त्यांची नखे मुक्या बटणांवरून त्याच्या मागोमाग धावू लागली. लोकांना वाटले, पंत रंगात आले.

महाराजांनी एक डोळा उघडला.

"पंत, हा कसला गोंगाट?"

सूर अजून चढतच होता.

"गोंगाटच आहे महाराज," गुंडोपंत म्हणाले. "बंद करायला सांगावे."

पहाऱ्यावरचे तरस धावत गेले. गाणे मध्येच तुटले. ताराक्कांचे यंत्र ओढ्यात टाकले गेले आणि त्या रातोरात दुसऱ्या जंगलात निघून गेल्या. इकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. गुंडोपंतांना 'नादमहर्षी' ही पदवी मिळाली, शाल मिळाली, आणि मेलेल्या यंत्राला काचेची पेटी मिळाली.

पुढे गुंडोपंत पुष्कळ जगले. तो सूर शेवटी कुठे टेकला असेल, एवढेच त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. आणि विचारणार कुणाला? त्यांच्या अख्ख्या घराण्यात सूर ओळखणारे कुणी नव्हते.

तात्पर्य : मुलांनो, जुने ते सोने. आणि सोने कुलपात ठेवायचे असते. वाजवून पाहायला ते काय नाणे आहे?