मामाजींचं बीपी आणि नागपूरची गाडी

मला फसवणारा माणूस अजून जन्मायचाय! भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा मी आधी घरचं वजन ठेवून बघते. नागपूरच्या दवाखान्याने सासऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या मामाजींसाठी, घरी बीपी मोजायचं मशीन देऊ केलं, तेव्हाही आधी हिशेब केला. आकडा आपोआप दवाखान्यात पोचणार. भाडं महिन्याला नऊशे. हिंगणघाटहून दर महिन्याच्या तपासणीला गाडी साडेतीन हजार. म्हणजे सव्वीसशे शिल्लक! आमच्या लेकीच्या, रक्षाच्या क्लासचा हप्ता सुटला.

चौथ्याच दिवशी दवाखान्यातून फोन. "एकशे अठ्ठ्याऐंशी! ताबडतोब आणा!"

गाडी केली. शेजारच्या शकुबाईंची बहीण नागपूरला असते, जागा होती म्हणून त्याही बसल्या. डॉक्टरांनी मोजलं, तर एकशे तीस!

मला लगेच संशय आला. मशीन भंगार! बदलून आणलं. आठवड्यात पुन्हा एकशे नव्वद, पुन्हा गाडी, पुन्हा शकुबाई, पुन्हा एकशे तीस. सात हजार गेले! मग संशय लोणच्यावर गेला. बरणी कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. भाजीतलं मीठ बंद.

"बीपी बाबाचं, मंग शिक्षा मले काऊन?" नवरा, अश्विन, कळवळला.

तरीही आकडे चढेच! शेवटी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि गुपचूप घरी आले. दारातून पाहते तर काय, मशीनचा पट्टा शकुबाईंच्या दंडावर! शेजारी मामाजी.

"हालू नोको, शकुबाई. आकडा कमी आला त गाडी निघत नाई."

"मामाजी!"

शकुबाई दचकल्या. मामाजी ढिम्म. "महिन्यातून एकदा नागपूर दिसे मले. जुने दोस्त भेटत. तुह्या मशीननं तेबी बंद केलं, बेटा. मंग काय करू मी?"

राग तर आला होताच, पण वाईटही वाटलं. एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं. मुकाट्याने दवाखान्याला फोन करून खरं सांगितलं.

पलीकडची सिस्टर ओरडलीच. "म्हणजे ते आकडे त्या बाईंचे? त्यांना आजच आणा! मग दर आठवड्याला तपासावं लागेल. सोबत कोणीतरी हवं."

"माह्यासोबत कोन येईन व?" शकुबाईंचा चेहरा उतरला.

"मी हावो ना!" मामाजींनी खुंटीवरचा सदरा काढलासुद्धा.

मी गाडीवाल्याला फोन लावला.

"म्याडम," तो म्हणाला, "आता महिन्याचं भाडंच ठरवून टाका ना! तुमाले परवडन."