बिराजदारकाकूंचं नेट

लातूरला खोली दाखवताना घरमालकीण नळाला पाणी कधी येतं ते सांगते, मोरी दाखवते आणि मुलींनी गच्चीवर जायचं नाही हे बजावते. बिराजदारकाकूंनी यातलं काहीच केलं नाही. उघडा लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरून त्या माझ्यापुढे जिना चढल्या आणि खोलीचे चारही कोपरे फिरून आल्या. मग खिडकीपासून दोन हातांवर थांबल्या.

"पोरीचं टेबल इथं. इथं चार काड्या येतात. पलंग तिकडं टाका. झोपायला रेंज लागत न्हाई."

मी पाण्याचं विचारलं. येतं, असं त्यांनी जरा कंटाळूनच सांगितलं. लातूरमध्ये पाण्याला असं उडवून लावणारी दुसरी बाई मला आजवर भेटलेली नाही.

आम्ही लोह्याचे. यांचं तिथं औषधांचं दुकान, मी घरीच शिकवण्या घ्यायची. आमच्या भागात मुलगी हुशार निघाली की घराचे दोन भाग होतात. अर्धं गावाकडं राहतं, अर्धं लातूरला येतं. प्रणितानं दहावीला चांगले मार्क घेतले, म्हणून हे दुकानासाठी मागं राहिले आणि मी तिच्या मेडिकलच्या क्लासेससाठी दोन बॅगा, एक कुकर आणि माझ्या भावाच्या ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप घेऊन काकूंच्या माडीवर आले.

तो लॅपटॉप बघून काकूंचा चेहरा फुलला. भाडं ठरवतानासुद्धा तो इतका फुलला नव्हता. त्यांनी तो उचलून त्याचं वजन पाहिलं, बिजागऱ्या हलवून पाहिल्या आणि खाटकानं बोकड पारखावा तसा उलटा करून त्याच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचलं. त्यावर विंडोज होतं आणि ते चालू व्हायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात माझी कणीक मळून व्हायची. काकूंनी प्रणिताला विचारून ते काढलं आणि लिनक्स घातलं. हे काय असतं, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, फुकट हाय आणि कुणा एकाच्या बापाचं न्हाई. मला ते गावजेवणासारखं वाटलं. काकूंना ही उपमा आवडली. पुढं त्या सगळ्यांना लिनक्स असंच समजावून सांगू लागल्या: वाढायला या, नुसतं जेवायला येऊ नका.

काकूंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ट्रंक कॉल बुक करायचे, कानाला हेडफोन लावून गावंच्या गावं जोडायची, हे त्यांचं काम. ते एक्स्चेंज गेलं, ती नोकरी संपली, यजमानही गेले. पुण्याच्या भाच्यानं आपला टाकाऊ लॅपटॉप पाठवला. त्याचं वायफाय चालेना. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. काकूंना राग आला आणि त्या रागातून त्या लिनक्स शिकल्या. इंटरनेटवरच्या मंडळांमध्ये त्या प्रश्न विचारायच्या. नंतर नंतर दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागल्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यांना 'सर' म्हणून आभार मानायची. काकू ते दुरुस्त करत नसत. "बाई हाय म्हणून सांगितलं तर आधी कौतुक करत बसतील. वायफाय ऱ्हाईल बाजूला."

बोलण्यात एक्स्चेंज अजून होतं. राउटरला त्या एक्स्चेंजच म्हणायच्या. कुणाचं नेट बंद पडलं तर 'पार्टी बोलंना' म्हणायच्या. आणि घाई करणाऱ्याला 'इरली' म्हणून गप्प करायच्या. त्यांचं माहेर निलंग्याकडचं, कन्नड घरात होती. इरली म्हणजे राहू दे, थांब जरा. दुरुस्तीच्या कामात हा शब्द त्या एवढ्या वेळा वापरायच्या की प्रणिताला वाटलं, ती एखादी कमांडच आहे.

आमच्या गल्लीत त्या वेळी घरं कमी आणि वसतिगृहं जास्त होती. खाली खाणावळ, वर मुली, त्याच्याही वर एखादा क्लास आणि सगळ्यांच्या वर गुणवंतांच्या फोटोंचा पत्र्याचा फलक. संध्याकाळी सगळ्या मुली एकदम व्हिडिओ लावायच्या आणि सगळ्या गल्लीचं नेट रडायला लागायचं. लोक कंपनीला शिव्या द्यायचे. काकूंनी तसं केलं नाही. त्या लॅपटॉप हातावर घेऊन गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत येऊन निदान सांगितलं. सगळे राउटर सहा नंबरवर बसलेत.

म्हणजे काय, तर वायफायला रस्त्यासारखे नंबर असतात. शेजारच्यानं जो घेतला तोच तुम्ही घेतला की दोघांची गाडी अडते. एक, सहा आणि अकरा हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. गल्लीतल्या राउटरांनी मात्र येऊन पडल्या जागीच, म्हणजे सहावर, बसकण मारली होती. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून दारोदार जायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला जावं तसं नीट लुगडं नेसून जायच्या, पाणी घ्यायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या आणि मग म्हणायच्या, तुम्हाला मी अकरा नंबर दिलाय.

एका क्लासच्या सरांनी मात्र ऐकलं नाही. आमच्याकडं इंजिनिअर आहे, तो बघेल, असं ते म्हणाले. काकू त्यांच्या ऑफिसात बाकावर बसून राहिल्या. पालक येत होते, सर त्यांना निकालाबद्दल सांगत होते आणि मध्ये मध्ये एक म्हातारी अत्यंत अदबीनं विचारत होती, की सर, तुमचं नेट संध्याकाळी का बंद पडतं. दुपारपर्यंत सर एक नंबरवर सरकले. त्या संध्याकाळी गल्लीत पहिल्यांदा सगळ्यांचं नेट सुरळीत चाललं. काकू ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. कुणी आभार मानले तर म्हणत होत्या, "माझं काय न्हाई त्यात. माणसानं सरकून बसावं एवढंच."

परीक्षा जवळ आली तेव्हा आमच्या लॅपटॉपनं दगा दिला. प्रणिताच्या क्लासची शेवटची सराव परीक्षा ऑनलाइन होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी तिनं अपडेट केलं आणि वायफायचं चिन्हच नाहीसं झालं. पोरीनं जेवण टाकलं. काकू कुणा नातेवाइकाकडं गेल्या होत्या, म्हणून मी लॅपटॉप पिशवीत घालून कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल, आतलं काही राहणार नाही. आत पोरीच्या दोन वर्षांच्या नोट्स होत्या. मी परत आले तर काकू फाटकातच उभ्या. मी दुकानदाराचं सांगितलं तशा त्या एकदम गंभीर झाल्या.

"नव्यानं टाकणं म्हंजे भूकंपानंतरच्या वसाहती. घरं मिळतात, गल्ली मिळत न्हाई. द्या इकडं."

पण त्यांनी स्वतः हात लावलाच नाही. प्रणिताला समोर बसवलं आणि आपण हात मागं बांधून उभ्या राहिल्या. आधी विचारलं, बटण बंद आहे का. नव्हतं. मग, मशीनला आपलं वायफायचं कार्ड दिसतं का. दिसत होतं. मग, त्याला चालवणारा ड्रायव्हर आहे का. नव्हता. काकूंनी मान डोलावली. "नवा कर्नल आलाय. त्यो जुन्या ड्रायव्हरला वळखंना."

माझ्या डोळ्यांपुढं लष्कराची जीप उभी राहिली. प्रणिता इतक्या ताणातही हसली. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेटमध्ये तो बदलला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. जुना कर्नलही आत शिल्लक असतो, मशीन चालू होताना त्याला बोलावता येतं. प्रणितानं त्याला बोलावलं आणि वायफायचं चिन्ह जसंच्या तसं परत आलं. परीक्षेपुरतं एवढं पुरे होतं, पण काकूंना ते पटेना. पाहुण्याच्या जिवावर संसार होत नाही, म्हणाल्या. मग नव्या कर्नलसाठी नेटवरून नवा ड्रायव्हर उतरवायला घेतला.

तो उतरायला वेळ लागत होता. पोरगी जेवायला बसली. मी सहज विचारलं, काकू, वसाहतीत तुमचं कुणी आहे का.

त्या पडद्याकडं बघतच बोलल्या. भूकंप झाला त्या दिवशी त्यांची सकाळची ड्युटी होती. एक्स्चेंजसमोर माणसांची ही गर्दी. प्रत्येकाच्या तोंडी एकेका गावाचं नाव. काकू एकेक लाइन लावून बघायच्या आणि लागत नाही असं सांगायच्या. माणसं तरी हलायची नाहीत. तुम्ही परत लावा, आम्ही थांबतो, म्हणायची. औशाच्या पुढं काकूंची थोरली बहीण दिली होती. त्या गावात एकच फोन होता, पोस्टात. रांगेतल्या लोकांच्या मध्ये मध्ये काकू तोही नंबर लावत होत्या.

"पोस्टच उरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पर आपल्याला काय कळतंय? आपण लावत ऱ्हायचं."

ड्रायव्हर उतरला. प्रणिता हात धुऊन आली आणि पुढचं काम तिनंच केलं.

दुसऱ्या दिवशीची परीक्षा झाली, खरी परीक्षाही झाली आणि पोरीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. आम्ही खोली सोडली. काकू टेम्पोजवळ उभ्या राहून दोऱ्या कशा बांधायच्या हे सांगत होत्या. रडण्याचं काम मी केलं.

नांदेडला प्रणिता रमेना. लोह्याहून नांदेड जवळ, म्हणून मी रविवारी डबा घेऊन जायची. पोरगी हो आणि नाही यापलीकडं बोलायची नाही. सगळ्या मुली हुशार आहेत, मला काही येत नाही, असं एकदा म्हणाली. नंतर तेही बोलेना. माझे फोन उचलेना. हे म्हणाले, नवीन आहे, होईल सवय. पण दुकानात ते लोकांना चुकीचं औषध काढून द्यायला लागले होते, म्हणजे त्यांनाही फिकीर होतीच.

मग एक नवीनच गोष्ट झाली. संध्याकाळी सातला फोन करावा तर तिचा फोन गुंतलेला. रोज. आई-बापाच्या मनात जे येतं ते आमच्याही मनात आलं. कोण असेल, कुठला असेल, यावर आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता खूप विचार केला. विचारायची मात्र हिंमत होईना, कारण तिच्या आवाजात थोडी जान आली होती.

त्याच सुमारास अहमदपूरला एका लग्नाला गेले. तिथून लातूर फार लांब नाही, म्हणून एस.टी. धरून काकूंकडं गेले. दिवेलागणीची वेळ. दार उघडंच होतं. काकू पलंगावर बसलेल्या, मांडीवर लॅपटॉप. त्यावर कुठलीशी बाई आवाज बंद करून पुरणपोळ्या लाटत होती, म्हणजे नेट उत्तम चाललं होतं. शेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला आणि काकू अगदी बापुडवाण्या आवाजात सांगत होत्या, "न्हाई गं, वायफाय आजबी दिसंना. काय करू, तू सांग."

फोनमधून माझ्या मुलीचा आवाज आला. "घाबरू नका काकू. आपण एकेक करून बघू. आधी मला सांगा, काल काय काय केलं होतं?"

तिचा असा ठाम आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता. मी उंबऱ्यातच थांबले. काकूंनी मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगावरची जागा दाखवली. पुरणपोळ्या होईपर्यंत प्रणितानं त्यांना काय काय तपासायला लावलं आणि काकूंनी प्रत्येक प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. मध्येच प्रणितानं त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. मध्येच शवविच्छेदनाच्या तासाला आपण आता घाबरत नाही हे सांगितलं. उद्या परत बघू, म्हणाली आणि फोन ठेवला.

काकूंनी लॅपटॉप मिटला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिला सांगू नका. अजून थोडे दिवस बिघडलेलं असू द्या." मग चहा टाकायला उठल्या. माडीवरची खोली त्यांनी अजून कुणाला दिली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, चांगली माणसं मिळत नाहीत. लातूरला, जिथं एकेका खोलीसाठी पालकांची रांग लागते.

पुढच्या रविवारी नांदेडला प्रणितानं डबा पूर्ण संपवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काकू कशा आहेत, त्यांचं नेट नीट झालं का. ती हसली.

"नेट चालूच असतं त्यांचं, आई. माझ्याशी बोलता बोलता त्या तिकडं मंडळात लोकांना उत्तरं देत असतात. मीपण आहे ना त्या मंडळात, मला दिसतं ते." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "करमत नसेल गं त्यांना एकटीला. मी काही बोलत नाही. त्यांना कळू द्यायचं नाही, बरं का."

बरं, म्हणाले. दोघींचंही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना एवढंच सांगितलं, की फोन काकूंचा असतो, औषधं नीट द्या. आणि मी आता लेकीला सातला फोन करत नाही. आमचं बोलणं जेवणं झाल्यावर होतं.