लाल दांडा आणि महाराजांची मान

एका जंगलात, बालमित्रांनो, एक लोडर होता. त्याच्या पुढे हत्तीच्या सुळ्यांसारखे दोन पोलादी सुळे होते. तेलाच्या दाबाने ते मोठमोठे ओंडके अलगद वर उचलीत. खाली स्प्रिंगा होत्या; त्यामुळे खडबडीत वाटेवर धक्के बसत नसत. मात्र ओझे उंच नेण्यापूर्वी लाल दांडा ओढून त्या स्प्रिंगा जखडाव्या लागत. एरवी वरचे ओझे झुलू लागे.

वर्षातून एकदा हा लोडर सिंहमहाराजांचे आसन उचली. राजाज्ञा उंचावरूनच द्यावी आणि उंचावरूनच मागे घ्यावी, अशी त्या राज्याची परंपरा होती.

गतवर्षी चालक रानडुक्कर होता. त्याने गुहेपासूनच स्प्रिंगा जखडल्या. वाटेतल्या प्रत्येक दगडाने महाराजांच्या मणक्यांची विचारपूस केली. मैदानात महाराजांनी उंचावरून आज्ञा दिली, "यापुढे लाल दांड्यास कोणीही हात लावू नये." मग खाली उतरून त्यांनी चालकाचे भोजन केले.

यंदा चालकाच्या जागी गुणाजी अस्वल आले.

निघण्यापूर्वी ते म्हणाले, "महाराज, वाटेत स्प्रिंगा मोकळ्याच ठेवतो. पण आपणांस उचलताना तो दांडा ओढावाच लागेल."

"आमची आज्ञा तुझ्या केसाळ कानांत शिरली नाही काय?"

"शिरली, महाराज. आसन झुलेल, एवढेच सांगतो."

"आम्ही झुलत नसतो. आणि झुललोच, तर रात्री भोजनास ये."

"पंगतीला, महाराज?"

"ताटात."

गुणाजींना घरी अर्धे ठेवलेले मधाचे पोळे आठवले. पण आज्ञा ती आज्ञा.

मैदानात त्यांनी आसन वर नेले आणि ते झुलू लागले. महाराजांनी नखे आसनाच्या शिळेत रुतवली, जबडा घट्ट मिटला. त्यांची मान मात्र वर-खाली, वर-खाली होत राहिली.

पुढच्या रांगेतील सशीणबाईंनी धीर करून विचारले, "महाराज, सोमवारी शिकार बंद ठेवाल ना?"

महाराजांची मान डोलली.

प्रजेने आनंदाने पाय आपटले. जमीन हादरली, आणि मान अधिकच डोलू लागली. हरणांनी पाणवठ्यावर पहिला मान मागितला, तो मिळाला. माकडांनी तर राजगुहेच्या छपरावर खेळण्याची अनुमती मिळविली.

आता आसन खाली घ्यावे लागणार, आणि खाली घेतले की ताट, हे गुणाजी जाणून होते. त्यांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

"महाराज, चालकास जन्मभर अभय आहे ना?"

मान डोलली. अवघ्या जंगलाने ती पाहिली. मगच गुणाजींनी आसन हळूच खाली आणले.

महाराजांनी आयाळ सावरली. प्रजा टक लावून पाहत होती.

"आम्ही पूर्ण विचारान्तीच मान डोलाविली," ते म्हणाले. मग ते गुणाजींच्या कानाशी लागले. "पुढील वर्षी तो दांडा ओढ."

"त्यास हात लावू नये, अशी आपलीच आज्ञा आहे, महाराज."

"ती आम्ही मागे घेतो."

"जरूर घ्यावी," गुणाजी नम्रपणे म्हणाले. "पण ती उंचावरूनच मागे घ्यावी लागेल. उचलू का?"

महाराज पायीच गुहेकडे निघाले.

तात्पर्य: उचलण्यापूर्वी स्प्रिंगा जखडाव्यात, हा नियम मालासाठी आहे. राजा उचलावयाचा असेल, तर त्या अवश्य मोकळ्या ठेवाव्यात.