मार्वाबाईंच्या गाडीखालचं गुलाबी डबकं

"ऑर्विल स्टेंगर म्हणजे माणसाच्या रूपातली दुर्बीण! त्याच्या नजरेतून साधा स्क्रूसुद्धा सुटत नाही."

हे वाक्य ऑर्विलचंच. गोष्ट यानेच सुरू व्हावी असा त्याचा हट्ट होता. नेब्रास्कात तो तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या तपासत असे. एकदा त्याच्या नजरेतून अख्खी बस सुटली होती, पण तो विषय निघाला की तो जेवत नाही. मी वेंडेल, त्याचा मदतनीस. पगार नाही आणि टॉर्चही माझाच.

थंडी पडली की आम्ही उत्तरेकडचे म्हातारे आपापली मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन अ‍ॅरिझोनातल्या या तळावर उतरतो. परवा सकाळी शेजारच्या मार्वाबाई लिंडहोम दारात आल्या. नवरा हार्लन जाऊन नऊ महिने झालेले. एवढी मोठी गाडी त्यांनी यंदा मिनेसोटाहून एकटीने हाकत आणली होती.

"गाडीखाली पाणी साचतंय हो," त्या म्हणाल्या. "नळ बंद, तरी पाणी लागलं की सुरू होणारा पंप दर पाच मिनिटांनी घरघरतो. दुपारी क्रेग येतोय. पोरगा आधीच मागे लागलाय, आई, गाडी विक आणि वृद्धाश्रमात राहा. त्याने हे पाहिलं की संपलंच माझं."

ऑर्विल पालथा पडून गाडीखाली सरपटला. डबक्यात बोट बुडवून म्हणाला, "गुलाबी. म्हणजे पातळ केलेलं रक्त."

"अरे, थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून भरतात ते औषध आहे," मी म्हणालो. "दर ऑक्टोबरात तूही तुझ्या गाडीत ओततोस."

"आपण असंच समजावं, हीच तर गुन्हेगाराची इच्छा आहे."

मग त्याने मार्वाबाईंच्या कुत्र्याची, नूडलची, जबानी घेतली. नूडल काहीच बोलला नाही, त्यामुळे संशय बळावला. तेवढ्यात पंप घरघरला आणि ऑर्विलने सिद्धांत बदलला. आता गुन्हेगार होती गाडीतल्या ओट्याखालची नळी. चांगल्या घट्ट बसलेल्या त्या नळीला त्याने पाना लावला आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर उडाली. आतापर्यंत गळती एक होती, आता दोन झाल्या. मार्वाबाईंनी निमूटपणे त्याच्या हातातला पाना घेतला आणि नळी पुन्हा आवळली.

"गाडीची जमीन कुजलीय," ऑर्विल टाच आपटत म्हणाला. "कापावी लागेल. वेंडेल, करवत आण."

मार्वाबाई पायरीवर जाऊन बसल्या. घड्याळात साडेअकरा वाजले होते. मला फार वाईट वाटलं आणि करवत मुद्दाम सापडली नाही.

इतक्यात नूडल डबक्यात लोळून आला. "याला धुवायचं काम हार्लनचं," असं पुटपुटत बाई उठल्या आणि त्यांनी गाडीच्या बाहेरच्या अंगाचं एक छोटं झाकण उघडलं. त्यात, गाडीबाहेर उभं राहून धुवायच्या शॉवरचे दोन नळ होते. दोन्ही सताड उघडे, शॉवर ठिबकत होता आणि पाणी कप्प्यातून झिरपून खाली जात होतं.

त्यांनी एका नळावर हात ठेवला.

"औषध भरताना मी आत पंप चालवायचे आणि हार्लन इथे उभा राहायचा," त्या म्हणाल्या. "गुलाबी दिसलं की 'आलं गं' ओरडायचा आणि नळ बंद करायचा. यंदा हे नळ मीच उघडले, आत जाऊन पंप लावला आणि हाकेची वाट बघत उभी राहिले. हाक कुठून येणार? मग रडू आलं. नळ राहूनच गेले."

त्यांनी दोन्ही नळ पिळून बंद केले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंप गप्प होता. मी डोळे पुसले. ऑर्विलने तपासाच्या वहीत काहीतरी खोडलं.

बारा वाजता क्रेग आला. "आई, गळत होतं का?"

"होतं. थांबवलं."

"कोणी?"

ऑर्विलने घसा खाकरला.

"मी," मार्वाबाई म्हणाल्या. पंप का वाजतो, पाणी कुठून कुठे जातं, कोणता नळ कधी उघडायचा, हे सगळं त्यांनी मुलाला झाकण उघडून दाखवलं. क्रेग ऐकत राहिला. मग त्याने नजर फिरवली, तर समोर नखशिखान्त भिजलेला ऑर्विल नूडलच्या पंजाचे ठसे घेत होता. क्रेगने खिशातून वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक काढलं, आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने ते ऑर्विलच्या हातात ठेवलं.

ऑर्विल ते अजून भिंगातून वाचतोय. तिथे सूप दोन वेळा मिळतं म्हणे.